प्राचीन बौद्ध विहारस्थळ कसं ओळखावं: पायरीपायरीने

डोंगरात कोरलेली खोली दिसली की ‘बौद्ध लेणं’, शेतात जुन्या विटा निघाल्या की ‘स्तूप’. असे फोटो आणि दावे माझ्याकडे सतत येतात. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते आणि डोंगर चढण्याचे कष्टही खरे असतात. चुकतो तो कामाचा क्रम. आधी नाव ठरतं आणि मग त्या नावाला साजेसे पुरावे गोळा होतात.

कामाला लागण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहा.

१. इथे घरदार सोडलेले लोक वस्ती करून राहत होते का?
२. ते बौद्ध होते का?
३. कोरीव लेखांत किंवा ग्रंथांत ज्याचं नाव आलं आहे, तोच हा विहार, म्हणजे भिक्खूंचा मठ, आहे का?

तिन्ही प्रश्नांचे पुरावे वेगवेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर जागेची रचना देते. दुसऱ्यासाठी स्तूप (पूज्य अवशेषांसाठी किंवा स्मारक म्हणून उभारलेली भरीव घुमटी), लेख आणि मूर्ती लागतात. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा जागेवर सापडलेला लेखच देतो. दुसरा प्रश्न सुटल्याशिवाय तिसऱ्याला हात घालू नका. पुष्कळ जागांचं काम दुसऱ्या प्रश्नावर थांबतं, काहींचं पहिल्यावरच. ते तिथे थांबू द्या.

## पायरी १: घरची तयारी

निघण्याआधी निदान दोन आठवडे कागदांना द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर जागा, ओढे, घाटवाटा, जुनी गावठाणं आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरातली माहीत असलेली लेणी मांडा. मग तुमच्या जिल्ह्याचं जुनं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर काढा. १८८०च्या आसपास छापलेल्या या खंडांत ठाणे, नाशिक, पुणे या भागांतल्या लेण्यांची मोजमापं खोलीगणिक दिलेली आहेत. ‘नव्याने सापडलेलं’ म्हणून मला आलेली कितीतरी लेणी तिथे आधीच नोंदलेली होती. त्यापुढचं काम पुरातत्त्व विभागाच्या वार्षिक अहवालांत शोधायचं.

सोबत तीस मीटरचा टेप, होकायंत्र, फोटोत ठेवायची मोजपट्टी, दोन टॉर्च, आलेखाची वही आणि पेन्सिल हवी. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदता आले पाहिजेत.

ऋतूही निवडावा लागतो. लेण्यांसाठी गवत वाळल्यानंतरचे, माघ-फाल्गुनाचे दिवस चांगले. शेतातलं टेकाड बघायचं असेल तर नांगरट झाल्यावर आणि पेरणीच्या आधी जा, पहिला पाऊस पडून गेला असेल तर फारच उत्तम, कारण माती धुऊन खापरं उघडी पडलेली असतात. पाण्याची व्यवस्था समजून घ्यायला मात्र पावसाळ्यात एक फेरी करावीच लागते.

इशारा: परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे, मग जमीन तुमच्या स्वतःच्या मालकीची का असेना. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वरवर पडलेलं खापरही उचलून घरी आणू नका. जागेवरून हललं की त्याची अर्धी साक्ष गेली.

इशारा: लेण्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा. मोहोळ दिसलं तर त्या दिवशी परत फिरा.

## पायरी २: गावात विचारा, पण नावावर विसंबू नका

आधी देवळाच्या पारावर बसा. गुराखी, मेंढपाळ, कातकरी-ठाकर आणि विहिरी खोदणारे यांना शिवारातला प्रत्येक दगड माहीत असतो. “इथे लेणं आहे का?” असा प्रश्न टाकू नका, उत्तर ‘हो’च येतं. “उन्हाळ्यात गुरांना पाणी कुठे पाजता?” असं विचारा. कातळातली टाकी तिथूनच कळतात.

जागेची सगळी नावं, बांधाची, माळाची, ओढ्याचीसुद्धा, उच्चारासकट लिहा. कधी कधी नावात जुना शब्द टिकून राहतो. कार्ल्याची लेणी ज्या गावाच्या माथ्यावर आहेत त्या वेहेरगावात ‘विहार’ आहे. कान्हेरीत लेखांमधलं ‘कण्हगिरि’, म्हणजे कृष्णगिरी, आहे.

पण नाव हा फक्त धागा असतो. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, आणि त्याच शहराच्या उत्तरेला चांभारलेणी या नावाची लेणी आहेत, ती जैन. दोन्ही नावांवरून पंथ कळत नाही. नालासोपाऱ्याचा स्तूप लोकांना ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ठाऊक होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला तेव्हा आत दगडी पेटी आणि एकात एक ठेवलेले करंडक निघाले. कोट म्हटलं म्हणून ते टेकाड त्यांनी सोडून दिलं नाही.

आज तिथे कोणता देव आहे यावरूनही निर्णय करू नका. लेण्याद्रीचं सातव्या क्रमांकाचं लेणं हे गिरिजात्मजाचं देऊळ आहे, आणि मुळात तो भोवती खोल्या असलेला विहार आहे. गावकऱ्यांच्या श्रद्धेचा मान ठेवा. चपला काढा, गाभाऱ्यात मोजमाप घेण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. कुणाला दुखावून घेतलेली नोंद पुढच्या अभ्यासकाची वाट बंद करते.

## पायरी ३: आत शिरण्याआधी बाहेरून बघा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. लेणं दिसलं की पाय थेट आत वळतात.

भिक्खूंनी राहायचं कुठे, याची कसोटी विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, दिली आहे. बुद्धाला राहायला वेळुवन हे उद्यान निवडताना बिंबिसार राजा विचार करतो, की ती गावापासून फार दूर नको आणि फार जवळही नको, ‘गमनागमनसंपन्न’ म्हणजे जायला-यायला सोयीची हवी, दिवसा गर्दी नसलेली आणि रात्री निवांत हवी. कारण साधं आहे. भिक्खूला रोज सकाळी भिक्षेला जायचं असतं आणि दुपारच्या आत जेवण आटोपायचं असतं.

म्हणून लेण्याच्या तोंडाशी उभं राहून चार गोष्टी नोंदवा.

- जुन्या वस्तीची जागा, म्हणजे गावाची पांढर, किती अंतरावर आहे? आजचं गाव धरू नका, ते सरकलेलं असू शकतं. स्वतः चालून वेळ मोजा.
- जुनी वाट कुठून वर येते? कातळात पायऱ्या कोरलेल्या आहेत का?
- घाट किंवा बंदराकडे जाणारा मार्ग दिसतो का? जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर आहेत, कार्ले-भाजे बोरघाटाच्या. दात्यांत व्यापारी इतके का आहेत, याचा उलगडा तिथे होतो.
- पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि जास्तीचं कुठे जातं?

तपासा: वाट, पाणी आणि वस्ती यांपैकी एकही जुळत नसेल तर थांबा. ती खाण, टेहळणीची जागा किंवा अर्धवट सोडलेलं काम असू शकतं.

## पायरी ४: मोजा, काढा, वर्णन करा, नाव देऊ नका

या टप्प्यावर वहीत ‘विहार’, ‘चैत्य’ (स्तूप असलेलं पूजास्थान), ‘स्तूप’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘खोली’, ‘ओटा’, ‘खांब’, ‘गोल उंचवटा’ असे साधे शब्द लिहा. एकदा ‘चैत्य’ लिहिलं की पुढचं सगळं डोळे त्या शब्दातून बघतात. हा मोह मला स्वतःला अनेकदा झाला आहे आणि वही फाडून पुन्हा सुरुवात करावी लागली आहे.

लेणं असेल तर. आधी आराखडा काढा, मग उभा छेद. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दाराचं माप घ्या. दाराच्या चौकटीत वर-खाली खुंटीची भोकं आहेत का ते बघा, म्हणजे लाकडी दार होतं की नाही ते कळेल. आत भिंतीलगत दगडी ओटा असेल तर माणूस आडवा होईल इतका लांब आहे का, ते मोजा. झोपायच्या ओट्यांच्या लहान खोल्या, मधे सामाईक मोकळी जागा आणि बाहेर पाण्याचं टाकं, हे तिन्ही एकत्र असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळपास मिळालं.

टाक्याला लेखांत ‘पोढी’ म्हणतात. तिचं तोंड लहान चौकोनी असतं आणि आत ती ऐसपैस पसरते. तोंडाजवळ झाकणाची खाच दिसते, आणि पाणी वळवून आणणारे कातळातले चर तर हमखास. हे चर लोक बघतच नाहीत. कान्हेरीला जा आणि एक दिवस फक्त चर बघत फिरा. पावसाचं पाणी शंभराहून अधिक लेण्यांत कसं वाटून घेतलं होतं हे कळलं, की तिथे राहणाऱ्यांचं रोजचं जगणं समोर उभं राहतं.

इशारा: नुसती टाकी म्हणजे विहार नव्हे. किल्ल्यांवरही कातळटाकी असतात, आणि कोरलेल्या खोल्या पुढे दारूकोठार किंवा पहाऱ्याची जागा म्हणून वापरल्या गेल्या. झोपायचे ओटे आणि खोल्यांची रांग नसेल तर निर्णय पुढे ढकला.

टेकाड असेल तर. इथे चुका जास्त होतात, कारण रचना मातीखाली असते. टेकाडावर सुतळीने दहा-दहा मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात वर काय दिसतं ते नोंदवा: विटा, कौलं, खापरं, दगडी जाती-वरवंटे, मणी, राख. जाती, चुली, बांगड्यांचे तुकडे आणि जनावरांची हाडं सगळीकडे विखुरलेली असतील तर ते बहुधा गावठाण. एकाच जागी सरळ भिंतींच्या रेषा, सारख्या मापाच्या लहान खोल्या आणि नाल्या दिसत असतील तर लक्ष द्या.

पावसाने किंवा दगड-विटा चोरणाऱ्यांनी कडा कापली असेल तर तिथे उभा छेद आयता मिळतो. त्याला हात न लावता फोटो घ्या. विटांचे थर वळण घेत जातात आणि आत खोली नाही, भरीव बांधकाम आहे, तर स्तूपाची शक्यता धरावी. विटा जळून काळ्या-हिरव्या झालेल्या आणि एकमेकींना चिकटलेल्या असतील तर ती वीटभट्टी. गढीचे पडके बुरूजही लांबून स्तूपासारखे दिसतात, म्हणून चारही बाजूंनी फिरा.

विटेची लांबी, रुंदी आणि जाडी मोजा, निदान वीस अखंड विटांची. सातवाहन काळातल्या विटा आजच्यापेक्षा खूप मोठ्या असतात. पण एका विटेवरून काळ ठरवू नका. जुन्या विटा काढून नव्या भिंतीत बसवण्याची पद्धत आपल्याकडे कायमची आहे. टेकाडावरची विट दोन हजार वर्षांची आणि भिंत दोनशे वर्षांची, असं सहज घडतं.

तपासा: तुमचं वर्णन जागा न पाहिलेल्या मित्राला वाचायला द्या आणि त्यावरून आराखडा काढायला सांगा. त्याला जमलं नाही तर जागेवर परत जा.

## पायरी ५: बौद्ध की आणखी कोणी?

ओट्यांच्या खोल्या जैन मुनींनाही लागत आणि आजीवक या त्या काळच्या आणखी एका संन्यासी पंथालाही. बिहारमधल्या बराबर डोंगरातली सुदामा गुंफा अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीवकांना दिली, तसा लेख तिथेच आहे. तिच्या आत गोल झोपडीसारखी खोली आहे. शेजारच्या लोमश ऋषी गुंफेची कमान तर हुबेहूब पुढच्या चैत्यगृहांसारखी दिसते. फोटोवरून ठरवणारा माणूस इथे हमखास चुकेल.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. नाणेघाटात कातळात कोरलेली मोठी खोली आहे आणि जवळ पाण्याची टाकीही आहेत. तिथल्या सातवाहन राणीच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे, आरंभी इंद्र, संकर्षण आणि वासुदेवांना वंदन आहे. तो विहार नाही.

खात्रीच्या खुणा थोड्याच आहेत. भरीव स्तूप, विशेषतः त्याच्याभोवती प्रदक्षिणेची वाट ठेवलेला, ही सर्वांत बळकट खूण. मग भिक्खूंचे लहान स्मारकस्तूप येतात. भाजे इथे असे चौदा स्तूप एकत्र आहेत आणि काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत. त्यानंतर बुद्ध-बोधिसत्त्वांच्या मूर्ती आणि बौद्ध लेख.

नुसत्या चापाकार, म्हणजे मागून अर्धगोल, आराखड्यावर भिस्त ठेवू नका. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा जुना विटांचा भाग चापाकार आहे. तो मुळात बौद्ध चैत्य असावा असं पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी मांडलं, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. धाराशिवच्या लेण्यांचंही तसंच. आज तिथे पार्श्वनाथ आहेत, आणि लेणी मुळात कुणाची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा जागी ‘वादग्रस्त’ हा शब्द वापरावा.

इशारा: ध्यानस्थ, पद्मासनातली मूर्ती दिसली की ‘बुद्ध’ लिहू नका. अंगावर चीवराची (भिक्खूच्या वस्त्राची) कड आहे का, हाताची मुद्रा कोणती, छातीवर श्रीवत्स (जैन मूर्तींवरची खूण) आहे का, खाली लांछन (तीर्थंकराचं चिन्ह) कोणतं, हे बघा. झिजलेली मूर्ती असेल तर ‘ध्यानस्थ आकृती’ एवढंच लिहा.

## पायरी ६: लेख

लेख असेल तर तो सगळ्यांत बोलका साक्षीदार, आणि सगळ्यांत जास्त हाल त्याचेच होतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक खडू फिरवतात, तेल चोपडतात, पिठाची फक्की मारतात. दोन हजार वर्षं टिकलेला कातळ असा एका दुपारी खराब होतो. यातलं काहीही करू नका. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून उजेड तिरका पाडा आणि चार बाजूंनी चार फोटो घ्या. उथळ अक्षरंसुद्धा उठून येतात. कागदाचा ठसा घेणं हे परवानगीचं आणि सराव असलेल्या हातांचं काम आहे.

ब्राह्मी वाचता येत नसेल तर वाचनाचा दावा करू नका, फोटो जाणकाराकडे पाठवा. येत असेल तर हे शब्द शोधा: ‘लेण’, ‘पोढि’, ‘चेतियघर’ (चैत्यगृह), ‘देयधम’ (दान), ‘अखयनिवि’ (कायम ठेव), ‘भयंत’ किंवा ‘भदंत’ (आदरणीय), ‘थेर’, ‘पवजित’ (संन्यास घेतलेला). निर्णायक शब्द मात्र ‘चातुदिस भिखुसघ’, म्हणजे चारी दिशांचा भिक्खुसंघ. तो सापडला की दुसरा प्रश्न सुटला.

बाकीचे शब्द एकट्याने पुरत नाहीत. मावळातल्या पाले गावाजवळच्या लेण्यातला लेख ‘नमो अरहंतानं’ने सुरू होतो. त्यात भदंत इंदरखिताने लेणं आणि पोढी केल्याचं येतं. लेण, पोढी, भदंत हे तिन्ही शब्द तिथे आहेत, तरी बहुतेक अभ्यासक तो लेख जैन मानतात.

चांगला लेख किती सांगतो ते नाशिकच्या दहाव्या लेण्यात बघा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली. त्यातले २,००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) महिना शेकडा १ दराने. वर्षाचे झाले २४०. आणि लेख म्हणतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावेत. गुणाकार करून बघा, हिशेब पैशापैशाने जुळतो. त्याच लेण्यातला उषवदाताचा दुसरा लेख डोंगराचं नाव त्रिरश्मी सांगतो. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकाच लेण्यात.

बौद्धांमधला पंथही लेखातूनच कळतो. नाशिकचं तिसरं लेणं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने भद्रायनीय पंथाच्या भिक्खूंना दिलं, कार्ल्याला महासांघिक पंथाचा उल्लेख आहे. लेखात नसेल तर मनाने पंथ लावू नका.

तपासा: लेखातलं गाव हे दात्याचं आहे की दानाच्या जागेचं? ही चूक फार होते. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट आणि वैजयंती ही दात्यांची गावं आहेत. लेण्यांच्या जागेचं नाव वलूरक.

## पायरी ७: एकाच जागेची अनेक आयुष्यं सुटी करा

प्रत्येक जागेसाठी एक काळ लिहिण्याची सवय मोडा. सोपाऱ्याच्या स्तूपात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. त्याच पेटीतल्या मैत्रेय आणि सात बुद्धांच्या आठ ब्राँझमूर्ती त्याहून कित्येक शतकं नंतरच्या आहेत. स्तूप मध्येच उघडून पुन्हा बंद केला गेला असणार. फक्त नाणं बघितलं असतं तर काळ एकीकडे गेला असता, फक्त मूर्ती बघितल्या असत्या तर दुसरीकडे.

दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीची लेणी आधी हीनयान बौद्धांची, मग वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाची आणि पुढे नाथपंथाची झाली. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीच्या देवळाखाली १९६९-७० च्या उत्खननात स्तूप मिळाला. नोंद करताना प्रत्येक बदल वेगळ्या ओळीत लिहा: कोणती भिंत कोणत्या भिंतीला कापते, कोणता ओटा फोडून देवळी केली, कोणत्या खांबावर नंतरचा चुना आहे. काय आधी आणि काय नंतर एवढं कळलं तरी पुरे, सन-शतक पुढे बघता येतं.

## पायरी ८: ग्रंथ आता उघडा

ग्रंथ इतक्या उशिरा का? कारण सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू युआन श्वांग याचं वर्णन आधी वाचलं की प्रत्येक टेकडी त्याच्या वर्णनासारखी दिसू लागते.

अंतरं. त्याच्या आधी आलेला चिनी भिक्खू फाहियान योजनांत मोजतो, युआन श्वांग ली या चिनी मापात. ली म्हणजे किती मीटर, असा एक आकडा सर्वत्र लावू नका. युआन श्वांग स्वतःच सांगतो की जुन्या हिशेबाने योजन ४० लींचं, भारतातल्या चालीप्रमाणे ३० लींचं आणि धर्मग्रंथांत १६ लींचं. ही अंतरं चाललेल्या वाटेची आहेत, नकाशावरच्या सरळ रेषेची नाहीत. उपाय असा: त्याच प्रवासातली दोन पक्की ठरलेली ठिकाणं घ्या, त्यांच्यातलं अंतर वाटेने मोजा, आणि त्या टप्प्यापुरतं प्रमाण काढा. पुढच्या टप्प्याला ते प्रमाण नव्याने तपासा.

दिशा. ‘उत्तरेला’ याचा अर्थ ‘साधारण उत्तरेला’ असा घ्या. वळण असलेल्या वाटेवर सुरुवातीची दिशाच सांगितलेली असू शकते.

तपशील. अंतरापेक्षा खूण मोठी. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका संघारामाचं (मठाचं) वर्णन युआन श्वांग करतो. तो अचल नावाच्या अर्हताने उभारला आणि दारासमोर दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत, असं तो लिहितो. अजिंठ्याला सोळाव्या लेण्याच्या वाटेवर दोन दगडी हत्ती आहेत. पण हत्ती पुष्कळ ठिकाणी असतात. जोड पक्की होते ती सव्विसाव्या लेण्याच्या लेखामुळे, कारण त्यातही स्थविर अचलाने शास्त्यासाठी, म्हणजे बुद्धासाठी, शैलगृह केल्याचं येतं. ग्रंथ, रचना आणि लेख तिघे एक झाले म्हणजे ओळख पटली म्हणायचं.

नावाचं साम्य. ग्रीक भूगोलकार टॉलेमीचं पेट्रिगल आणि महामायूरी या बौद्ध ग्रंथातलं पितंगल्य ही नावं पितळखोऱ्याशी जोडली जातात. उच्चार जुळतो, जोड संभाव्य आहे. जागेवरच्या लेखात तेच नाव मिळेपर्यंत ती संभाव्यच राहील.

मुद्रा आणि ताम्रपट. बिहारमधलं बडगाव म्हणजे नालंदा हे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी १८६१-६२ मध्ये प्रवासवर्णनं आणि लेखांवरून सांगितलं. पुढे उत्खननात ‘श्रीनालंदामहाविहारीय आर्यभिक्षुसंघ’ अशा मुद्रांकित मातीच्या चकत्या ढिगाने मिळाल्या. पण नालंद्यात दुसऱ्या विहारांच्या आणि गावांच्या चकत्याही निघाल्या, कारण चकती पत्रासोबत प्रवास करते. एकाच चकतीवर नाव ठरवू नका. ढीग किती, आणि छाप मारणारा साचा तिथे मिळाला का, ते बघा.

उत्तर प्रदेशातलं सहेत-महेत म्हणजे श्रावस्ती, हेही कनिंगहॅम यांनी सांगितलं होतं. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांना ते मान्य नव्हतं. सहेतच्या एका विहारात गाहडवाल राजा गोविंदचंद्राचा ताम्रपट मिळाला आणि त्यात जेतवन महाविहाराच्या भिक्खूंना गावं दिल्याचं निघालं, तेव्हा वाद मिटला. दानाचा ताम्रपट घेणाऱ्याच्या घरी जपून ठेवलेला असतो, म्हणून त्याचं वजन चकतीपेक्षा जास्त.

कपिलवस्तूचं तसं झालेलं नाही. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाला ‘देवपुत्र विहार, कपिलवस्तु, भिक्खुसंघ’ असा मजकूर असलेल्या चकत्या १९७० च्या दशकात मिळाल्या, तरी नेपाळातल्या तिलौराकोटचा दावा कायम आहे. विहाराची ओळख आणि शहराची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच शोधाच्या ओढीत पुरातत्त्व अधिकारी डॉ. फ्यूरर यांनी खोटे पुरावे रचले आणि १८९८ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली.

उलट दिशेनेही वाचा. लेखांत नावं असलेले पण जागेवर न सापडलेले विहार आहेत. कान्हेरीच्या लेखात कल्याणमधल्या अंबालिकाविहाराचा उल्लेख येतो. युआन श्वांग महाराष्ट्रात शंभरावर संघाराम आणि सुमारे ५,००० भिक्खू सांगतो. विटा-लाकडाचे विहार गावांखाली गेले आहेत. कल्याण, पैठण, चौल अशा जुन्या शहरांत पायासाठी खड्डा खणला जातो तेव्हा तिथे उभं राहून बघणारं कुणीतरी हवं.

## पायरी ९: दावा लिहिणं आणि कळवणं

दाव्याला तीनच पातळ्या द्या. निश्चित: जागेवरचा लेख किंवा स्तूप आहे आणि वाचन जाणकाराने तपासलं आहे. संभाव्य: रचना जुळते, विरोधी पुरावा नाही, पण थेट साक्ष नाही. तपासायचं: रचना अर्धवट किंवा खुणा मिश्र आहेत. तिन्ही प्रश्नांना वेगवेगळी पातळी द्या. ‘वस्तीची जागा: निश्चित, बौद्ध: संभाव्य, नाव: माहीत नाही’ ही उत्तम नोंद आहे.

दाव्याच्या खाली एक ओळ सक्तीने लिहा: काय सापडलं तर माझं म्हणणं चूक ठरेल? ती ओळ लिहिता येत नसेल तर दावा अजून तयार नाही.

आराखडा, मोजपट्टीसह फोटो, अक्षांश-रेखांश आणि पायरीवार नोंदी एका धारिकेत घालून राज्य पुरातत्त्व संचालनालयाला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तुमच्या मंडळाच्या कार्यालयाला लेखी द्या आणि पोच घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. जागा संरक्षित नसेल तर अक्षांश-रेखांश किंवा वाट दाखवणारा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधन शोधणारे ते फोटो अभ्यासकांच्या आधी बघतात, आणि स्तूप मधोमध फोडलेला बघायला मिळतो. लेखी पोच हाती आल्यावर, पहिल्या पावसानंतर, पुन्हा एकदा जागेवर जाऊन त्याच ठिकाणांवरून तेच फोटो घ्या.